पाचशे एमएमचा एकांत

ताडोबाला जायचं ठरलं आणि मी चारचौघांना एक साधा प्रश्न विचारला : "लेन्स कोणती नेऊ?" पुण्यात पत्ता विचारला तर निदान हात करून कुठलीतरी दिशा दाखवतात. लेन्स विचारली की आधी आपली पात्रता तपासतात. "वाघ की पक्षी?" "बजेट किती?" "ट्रायपॉड लावता की हातात धरता?" "यापूर्वी काय काढलंय?" यापूर्वी मी भाच्याची मुंज आणि सिंहगडावरचं धुकं काढलं होतं. धुकं चांगलं आलं होतं, पण त्याचं श्रेय कुणी मला दिलं नाही.

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. ते प्राइमपंथी. प्राइम म्हणजे पुढेमागे न होणारी, एकाच लांबीला चिकटून राहिलेली लेन्स. झूमचं नाव काढलं की ते चहाचा कप खाली ठेवतात. "झूम म्हणजे तडजोड," ते म्हणाले. "मोठं हवं तर दोन पावलं पुढे जायचं, लहान हवं तर दोन मागे. देवानं पाय कशाला दिलेत?" व्याघ्र प्रकल्पात जिप्सीतून खाली पाय ठेवायला सक्त मनाई असते, हे मी त्यांच्या कानावर घातलं. शिवाय वाघाच्या दिशेनं दोन पावलं पुढे गेलेल्या माणसाचे लेन्सबद्दलचे सगळेच प्रश्न सुटतात. "मग तिथे फोटोग्राफी होत नाही," असा निकाल देऊन त्यांनी कप पुन्हा उचलला.

ऑफिसातला पक्षीवाला वेगळ्याच घराण्याचा. त्याच्या मते भिगवणला रोहित पक्षी होडीजवळ येतात म्हणून चारशे पुरते, कोकणात धनेश वडाच्या शेंड्यावर बसतो म्हणून सहाशे लागते, आणि नान्नजला माळढोकासाठी नुसती आशा लागते, लेन्स कोणतीही चालते. या जमातीचा एक नियम माझ्या लक्षात आला. आपल्याजवळ असते ती लेन्स नेहमी शंभर एमएमनं कमी असते. तीनशेवाला चारशेसाठी झुरतो, पाचशेवाला सहाशेवाल्याच्या फोटोला लाइक न करता पुढे सरकतो. सहाशेवाल्यानं तरी सुखी असावं? तो १.४ चा कन्व्हर्टर लावून तिची ८४० करतो. त्यात आत येणारा उजेड निम्मा होतो. मग निम्म्या उजेडात चालणारी नवी बॉडी घ्यावी लागते, आणि ती घेतली की तिच्यापुढे जुनी लेन्स कमी दर्जाची वाटू लागते.

भाच्यानं मात्र काटकसरीचा मार्ग सुचवला. "मामा, तुमची क्रॉप सेन्सरची बॉडी आहे ना? तिच्यावर तीनशेची लेन्स साडेचारशेसारखी दिसते. दीडपट. फुकट!" फुकट हा शब्द ऐकून बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"म्हणजे लेन्स तीच, आणि वाघ मोठा?"

"वाघ तेवढाच येतो गं मामी. कडेचं जंगल कापलं जातं."

"मग ते घरी येऊन कापा की."

भाचा गप्प बसला. या विषयावर मी पुढे बरंच वाचलं, पण त्या चर्चेत तिच्या वाक्यापलीकडे गेलेला कुणी मला भेटला नाही.

विकत घेण्याजोग्या लेन्सच्या किमती पाहिल्यावर आम्ही भाड्याच्या लेन्सकडे वळलो. आमचा फ्लॅट ज्यांच्याकडून घेतला त्यांनी माझ्याकडे इतके कागद मागितले नव्हते. आधार, पॅन, विजेचं बिल, कोरा चेक, ओळखीच्या दोघांचे नंबर. मग दुकानातल्या मुलानं टॉर्च लावून काचेतला धुळीचा प्रत्येक कण मला दाखवला. "काका, हे तीन कण आमचे आहेत. चौथा आला तर तुमचा." २०० ते ५०० एमएमची ती लेन्स, वजन २.३ किलो. पिशवीत घालून स्कूटरवर पायांमध्ये ठेवली आणि पौड रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा मी नव्यानं ओळखला.

घरी आल्यावर ती लावून पाहायची हौस आलीच. या लेन्सला २.२ मीटरच्या आतलं काही दिसत नाही. आमचा हॉल तसा ऐसपैस असल्याचा माझा समज होता. मी भिंतीला पाठ टेकवली, बायकोला गॅसच्या ओट्याशी उभं केलं आणि बटण दाबलं. फोटोत चष्म्याची एक काडी आणि अर्धा कान आला. "कुणाचा आहे?" तिनंच विचारलं.

मग गच्चीत गेलो. समोरच्या इमारतीवर एक कावळा बसला होता. कावळ्याच्या डोळ्यातली चमक टिपण्यासाठी मी बराच वेळ लेन्स रोखून उभा राहिलो. तेवढ्या वेळात समोरच्या तिसऱ्या मजल्यावरचे पडदे एकामागून एक ओढले गेले. संध्याकाळी सेक्रेटरींचा फोन आला.

"काका, गच्चीतून काय चाललं होतं?"

"कावळ्याचा फोटो. सराव म्हणून."

"कावळा कुठे बसला होता?"

"खिडकीच्या सज्जावर."

"कुणाच्या?"

त्यानंतर गच्चीतला सराव बंद झाला. घरात मी दोन किलो साखरेची पिशवी डोळ्याशी धरून हात न हलवता उभा राहू लागलो. पाचशे एमएमला हाताचा थोडासा कंपही वाघाला हलवून टाकतो, म्हणून शटरचा वेग सेकंदाच्या पाचशेव्या भागापेक्षा कमी ठेवायचा नाही, असा जुना ठोकताळा आहे. हे मी बायकोला समजावलं. "बरं," ती म्हणाली, "पिशवी खाली ठेवा, चहाला साखर हवीये."

विमानात हातातल्या बॅगेला सात किलोंची मर्यादा. लेन्स सामानात टाकायची हिंमत नाही, सुट्या लिथियम बॅटऱ्या सामानात टाकायची परवानगी नाही. रिकामी कॅमेरा बॅगच दोन किलोंची भरते, कारण ती लेन्सचं रक्षण करण्यासाठी बनवलेली असते, नेण्यासाठी नव्हे. शेवटी लेन्स बायकोच्या पर्समध्ये गेली, पर्समधला संसार सुटकेसमध्ये गेला, कॅमेरा माझ्या गळ्यात आला आणि चार्जर, बॅटऱ्या, साफ करायचा ब्रश हे सगळं माझ्या जाकिटाच्या खिशांत. मे महिन्यात जाकीट घालून नागपूरला निघालेला मी एकटाच होतो. सुरक्षा तपासणीत पर्स यंत्रातून दोनदा गेली.

"मॅडम, ये दूरबीन किसकी है?"

"इनकी," असं म्हणून बायकोनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तिच्यात चौथ्या कणाचीही जबाबदारी माझ्यावर टाकलेली होती.

"कितने की है?"

"किराये की है."

जवानाच्या चेहऱ्यावरचा आदर तिथल्या तिथे मावळला.

आता बीनबॅगविषयी. जिप्सीच्या दांडीवर लेन्स टेकवायला कापडी पिशवी लागते, तीच बीनबॅग. जाणते लोक ती रिकामी नेतात आणि मुक्कामी पोचल्यावर तांदूळ भरतात. त्यामुळे चंद्रपूरला उतरल्यावर आम्ही आधी किराणा दुकान गाठलं.

"तांदूळ द्या, तीन किलो."

"नवा देऊ का जुना? जुना घ्या जी, भात मोकळा होते."

"मोकळा नको. बसणारा पाहिजे."

दुकानदार थांबला. "खिचडी करता का?"

"नाही, फोटो काढायचेत."

त्यानं बायकोकडे पाहिलं. ती पुढे झाली आणि म्हणाली, "एचएमटी द्या. वाघ दिसला नाही तर निदान तांदूळ तरी बरा हवा." या भागात एचएमटी मागणं म्हणजे माहेरच्या माणसाचं नाव घेणं आहे. याच चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या शेतकऱ्यानं आपल्या शेतातल्या वेगळ्या लोंब्या हेरून, जपून हे वाण तयार केलं. त्या काळात एचएमटीच्या घड्याळाचा रुबाब होता, म्हणून तांदळालाही तेच नाव पडलं. दादाजींकडे जमीन जेमतेम होती आणि उपकरण म्हणाल तर स्वतःचे डोळे. पण माझ्या डोक्यात त्या वेळी तीन किलो तांदूळ २.३ किलोंची लेन्स पेलेल का, एवढाच विचार चालला होता.

मोहर्लीच्या गेटवर पहाटे जिप्स्या लागलेल्या. ताडोबा १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, राज्यातलं सर्वात जुनं, आणि मंगळवारी त्याला सुट्टी असते. आत मोबाइलला बंदी. त्यामुळे माणसं एकमेकांशी बोलतात आणि बोलण्याची सुरुवात नाव-गाव सोडून तिसऱ्याच प्रश्नानं होते.

"किती एमएम?"

हे विचारणारे गृहस्थ मुंबईचे होते. टोपीपासून बुटांपर्यंत पालापाचोळ्याच्या रंगाचे कपडे, लेन्सलाही त्याच कापडाचं आवरण. पांढऱ्या रंगाच्या उघड्या गाडीत आठ माणसं बसलेली असताना आपण एकटे वाघाला दिसणार नाही अशी त्यांची खात्री होती. सोबत एक मित्र होता, त्याच्याकडे कॅमेराच नव्हता. तो बॅटऱ्या धरायला आला होता.

"पाचशे," मी म्हटलं. "झूम."

"अच्छा." एवढंच म्हणून त्यांनी आपली सहाशेची प्राइम मांडीवर आडवी केली. तिच्या किमतीत बरी चारचाकी आली असती, आणि ती आम्हाला दुसऱ्या गाडीत बसवता आली असती.

मागच्या सीटवर नागपूरच्या एक काकू आणि त्यांची नात होती. काकूंच्या गळ्यात एक गुबगुबीत कॅमेरा. शिष्टाचार म्हणून मुंबईकरांनी त्यांनाही विचारलं.

"तीन हजार," काकू म्हणाल्या.

गाडीत शांतता पसरली.

"तीन हजार एमएम?"

"मुलानं पाठवला. खोक्यावर लिहिलं होतं बाई, १२५ पट की काय ते."

"ते इक्विव्हॅलंट असतं, काकू. सेन्सर लहान असतो. खरी लांबी तेवढी नसते."

"असंल बाप्पा. मला तर चंद्रावरचे खड्डे दिसते."

मुंबईकर उरलेल्या सफारीत मागे वळून बोलले नाहीत.

आमच्या गाइडनं गाडी थांबवून कान दिला. "कॉल चालू हाय," तो कुजबुजला. चितळ ओरडत होतं. चालकानं इंजिन बंद केलं, कारण चालू इंजिनाची थरथर पाचशेच्या लेन्समध्ये भूकंप होऊन उतरते. "थो पाहा," गाइड म्हणाला, "ऐनाच्या झाडाच्या उजव्या बाजूले, खाली, बसून रायला." सगळ्यांना दिसला. मी लेन्समधून पाहिलं तर गवत. थोडं सरकलो, दुसरं गवत. लांब लेन्समधून जग सुईच्या नेढ्याएवढं दिसतं. त्या नेढ्यात वाघ आणायचा तर आधी ऐन सापडायला हवा, आणि ऐन कसा दिसतो हे मला कुणी एमएममध्ये सांगितलं नव्हतं. "खोडाची साल मगरीवाणी असते, सर," गाइडनं मदत केली. मी मगर शोधू लागलो. मागून काकूंचा आवाज आला, "मला पण नुसतं गवत दिसून रायलं. तीन हजारातसुद्धा!" मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही.

वाघ सापडला तेव्हा उजेड असा होता की नसावा. बांबूच्या दाट सावलीत एफ ५.६ चं भोक पुरतं उघडून, पाचशेवा भाग सांभाळायचा म्हणून आयएसओ १२,८०० पर्यंत चढवला. फोटोला इतके दाणे आले की पुढे घरी एका पाहुण्यानं विचारलं, "पाऊस होता का?" दुपारच्या सफारीत उजेडच उजेड होता, पारा पंचेचाळिशीकडे निघाला होता आणि तळ्याच्या पलीकडच्या काठावर वाघीण पाण्यात बसली होती. इथे तरी लांबीचा फायदा होईल असं वाटलं. पण लेन्स जेव्हा पलीकडचा काठ जवळ आणते, तेव्हा मधली सगळी तापलेली हवाही जवळ आणते. वाघिणीचे पट्टे जागच्या जागी डुलत होते. मुंबईकरांच्या दहा लाखांवरच्या काचेतही ते तसेच डुलले, कारण हवेला काचेची किंमत कळत नाही.

मग परतीच्या वाटेवर ते घडलं, ज्यासाठी माणसं कर्ज काढून लेन्स घेतात. वळणावर एक नर वाघ रस्त्यावर आला आणि सरळ आमच्या दिशेनं चालू लागला. जंगलाच्या भाषेत हेड-ऑन. मी झूम मागे खेचत खेचत दोनशेवर आणली. वाघ पुढे येतच राहिला. दोनशेच्या मागे लेन्स जात नाही, आणि माझ्या मागे काकू होत्या. माझ्या कार्डावर त्या वाघाचा डावा कान आहे, पाठीचा मधला भाग आहे, मिशा आहेत, आणि एका फोटोत शेपटीचा शेवटचा तृतीयांश. चारही एकाच वाघाचे आहेत याला बायको साक्षीदार आहे. मुंबईकरांना प्राइममुळे मागेही येता येईना. "दोन पावलं मागे घ्या," असं चालकाला सांगून त्यांनी दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या गृहस्थांची मला आठवण करून दिली, पण मागे जिप्स्यांची रांग लागलेली. शेवटी त्यांनी वाघाच्या नाकाचा फोटो काढला आणि लगेच स्क्रीनवर पाहत म्हणाले, "मला इंटिमेट फ्रेमच हवी होती."

वाघ आमच्या चाकाजवळून गेला, थांबला, झाडावर फवारा मारला आणि बांबूत शिरला. तेव्हा बॅटऱ्या धरणारा मित्र पहिल्यांदाच बोलला.

"सतरा."

"काय सतरा?"

"जिप्स्या. पुढे आठ, मागे नऊ. तुम्ही कुणी पाहिल्या नाहीत?"

खरंच पाहिल्या नव्हत्या. सफारीत ज्या वेळी वाघ दिसतो, त्या वेळी त्याच्या भोवती सतरा गाड्या, टोप्यांचे सतरा ताटवे, "बसा ना हो समोरचे" असे खालच्या आवाजातले वाद आणि चिवड्याचा वास असतो. पाचशेच्या लेन्समधून त्यातलं काही येत नाही. वाघ, एक बांबू आणि मागे हिरवा धूसर पडदा, बस. अथांग अरण्यात तो आणि मी. पन्नासच्या लेन्सनं तोच फोटो काढला तर गावची जत्रा आली असती, मध्ये एक वाघ वाट चुकलेला. माणसं लाखो रुपये मोजतात ते वाघ जवळ आणायला, असं मी समजत होतो. बरेचसे पैसे बाकीच्यांना चौकटीबाहेर काढण्याचे असतात. भाच्याच्या भाषेत, कडेचं जंगल कापण्याचे.

काकूंनी मात्र घाबरून झूमचं बटण उलटं दाबलं होतं. त्यांचा कॅमेरा तीन हजारावरून पार चोवीसवर उतरला आणि तिथेच फोटो निघाला. चहाच्या टपरीवर त्यांनी तो सगळ्यांना दाखवला. मध्ये बोटभर वाघ. दोन्ही बाजूंना जिप्स्या. मुंबईकर झाडासारखे दिसत होते, पण मांडीवर उशी घेतलेल्या झाडासारखे. मी तोंड उघडं टाकून, लेन्सच्या आत काहीतरी पडल्यासारखा तिच्यात पाहतोय, आणि बायको एका हातानं माझं जाकीट धरून वाघाकडे बघतेय.

"हा वाघ," काकू बोट ठेवून नातीला सांगत होत्या, "आणि हे आपण सगळे."

"काकू, हा कुठे टाकू नका हं," मुंबईकर म्हणाले.

"काहून? चांगला तर आला."

"नाही, म्हणजे... जंगलाचा फील येत नाही त्यात."

मीही मान डोलावली. पुण्यात आल्यावर मी कानाचा फोटो 'अरण्याचा श्वास' असं लिहून टाकला. पक्षीवाल्यानं विचारलं, "लेन्स?" दुसऱ्या मजल्यावरून उत्तर आलं, "झूम असणार, कडा मऊ आहेत." भाच्यानं लिहिलं, "मामा, सुंदर! कुणाचा कान?"

पण ते नंतरचं. निघायच्या सकाळी बीनबॅगमधल्या तांदळाचा प्रश्न होता. तीन किलो विमानात नेणं शक्य नव्हतं, आधीच माझ्या जाकिटात जागा नव्हती. मी पिशवीची चेन उघडली आणि जरा अवघडून चालकाला म्हटलं, "दादा, तुमची हरकत नसेल तर हे ठेवाल का? वापरलेला नाही, म्हणजे फक्त लेन्स टेकवली होती."

त्यानं सीटखालून गोणपाटाची थैली काढली. ती निम्म्याहून जास्त भरलेली होती.

"टाका जी. मार्चपासून मी तांदूळ इकतच नाही घेतला. सारेच ठेवून जाते." त्यानं मूठभर तांदूळ तळहातावर घेऊन दाणा निरखला, वास घेतला. "एचएमटी हाय. जुना."

"तुमच्या वहिनींनी निवडला," मी म्हटलं.

"थ्या सहाशेवाल्या साहेबांनी बी दिला काल. लेन्स तुमच्याहून मोठी होती त्यायची," आवाज खाली आणत तो म्हणाला, "पण तांदूळ राशनचा निघाला."